फायबरच्या खुर्चीतलं फायबर: ईम्सच्या एका खुर्चीचं पूर्ण प्रकरण

आमच्या सोसायटीत गणपती असो, कुणाचं बारसं असो नाहीतर कुणाच्या तेराव्याला माणसं बसवायची असोत, मांडववाल्याला फोन गेला की पहिलं वाक्य ठरलेलं, "पन्नास फायबरच्या खुर्च्या पाठवा." आणि टेम्पोतून ज्या लाल-पांढऱ्या खुर्च्या उतरतात त्यात फायबर औषधालासुद्धा नसतं. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, प्रेशरने डायमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यात मारायचा, थंड झालं की बाहेर, झाली खुर्ची. मी भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे डाय बनवायच्या खात्यात, बरीच वर्षं काढलीत त्यामुळे हा शब्द ऐकला की आपोआप तोंडात येतं की अहो फायबर म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारं चिकट रसायन, कोकणात मासेमारीच्या होड्या असतात त्या फायबरच्या, गेटवरची वॉचमनची केबिन फायबरची, ही तुमची खुर्ची नाही. घरचे म्हणतात गप बस आणि खुर्च्या मोज.

पण खरोखरच्या फायबरची खुर्ची जगात होती, आजही आहे, आणि तिचं प्रकरण आमच्या धंद्यातल्या कुणालाही आवडेल असं आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवरा-बायकोने केलेली, 1950 साली हर्मन मिलर कंपनीने बाजारात आणलेली हातवाली शेल खुर्ची. फोटो पाहिला तर लगेच ओळखाल, कॅफेत, डेंटिस्टकडे, इंटेरियरवाल्यांच्या इन्स्टावर जी गोलसर वाटीसारखी सीट आणि खाली बारीक लाकडी नाहीतर तारेचे पाय असतात ना, तीच, किंवा तिची शंभरावी कॉपी. सगळे तिच्या शेपबद्दल बोलतात. माझ्या मते शेप हा त्यातला सोपा भाग होता, तो 1940 सालीच जवळजवळ ठरला होता. पुढची दहा वर्षं गेली ती तो शेप बनवायचा कशात आणि कसा यात.

प्रॉब्लेम काय होता ते आधी सांगतो. माणसाचं बूड आणि पाठ यांना एकच सलग वाटी हवी, वेगळी गादी नको, स्प्रिंगा नकोत, सुताराचा दिवसभराचा वेळ नको, म्हणजे वस्तू स्वस्त पडेल. ऐकायला साधं आहे. पण पान घेऊन द्रोण करून बघा. पान एका बाजूने वळतं, गुंडाळी होते, काही त्रास नाही. पण त्याला दोन्ही बाजूंनी खोलगट करायला गेलात की दुमडावंच लागतं आणि काडी टोचावी लागते, नाहीतर फाटतं. नारळाला वर्तमानपत्र गुंडाळून बघा, तेच. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले. ते एका दिशेने छान वाकतं. दोन दिशांनी एकदम वाकवलं की जिथे बाक घट्ट तिथे तडकतं. आणि खुर्चीत बाक सगळ्यात घट्ट कुठे, तर जिथे सीट संपून पाठ सुरू होते तिथे, म्हणजे बरोबर तिथेच जिथे माणूस रेलल्यावर सगळा जोर येतो.

1940 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घरातल्या फर्निचरची एक स्पर्धा काढली. तेव्हा चार्ल्स ईम्स मिशिगनमधल्या क्रॅनब्रुक अकादमीत होता आणि तिथेच त्याचा दोस्त ईरो सारिनेन. दोघांनी मिळून अशाच वाटीच्या प्लायवूड खुर्च्या दिल्या आणि बक्षीस मारलं. ड्रॉइंगच्या कामात हात लावणाऱ्यांमध्ये रे कायझर नावाची चित्रकार मुलगी होती, पुढच्या वर्षी तिचं आणि चार्ल्सचं लग्न झालं. बक्षीस मिळालं, 1941 मध्ये प्रदर्शन झालं, वाहवा झाली, आणि मग खरी खुर्ची करायला घेतल्यावर सगळं उघडं पडलं. प्लाय बाकाला तडकत होतं. तडे आणि जोड झाकायला वरून फोम आणि कापड चढवावं लागलं. पाय ॲल्युमिनियमचे बसवायचे होते, त्यासाठी धातूला लाकूड चिकटवायची क्रायस्लर गाडी कंपनीची एक नवी पद्धत वापरायची होती, पण युद्धाच्या तयारीत ते तंत्र लष्करी कामाला गेलं आणि यांना लाकडी पाय लावावे लागले. म्हणजे स्वस्त, मशीनवर होणारी, बिनगादीची खुर्ची म्हणून जी जिंकली ती प्रत्यक्षात महाग, हाताने केलेली आणि गादीवाली निघाली. आमच्याकडे याला "डिझाइन पास, ट्रायल फेल" म्हणतात. अशा वेळी डिझाइनवाले सहसा टूलरूमवर ढकलून मोकळे होतात, मी तरी तेच बघितलंय.

या दोघांनी ढकललं नाही, ते स्वतःच टूलरूम झाले, आणि मला त्यांच्याबद्दल जे काही वाटतं ते इथूनच. 1941 मध्ये लग्न करून लॉस एंजेलिसला आले, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले आणि फ्लॅटमधल्या जास्तीच्या खोलीत प्लायवूड वाकवायचं मशीन उभं केलं. प्लास्टरचा साचा, त्यात विजेच्या तारा गरम करायला, साच्यावर पापुद्रा, गोंद, पापुद्रा, गोंद असं रचायचं, वरून रबरी फुगा आणि तो फुगवायला सायकलचा पंप. चार-सहा तास तसंच दाबून ठेवायचं, मध्येमध्ये पंप मारायचा. मशीनचं नाव ठेवलं 'कझॅम', म्हणजे आपलं छूमंतर. चार्ल्स दिवसा एमजीएम स्टुडिओत सेटच्या कामाला जायचा आणि संध्याकाळी तिथलंच लाकूड नि गोंद घेऊन घरी यायचा असं सांगतात. घरमालकाला काय वाटत असेल देव जाणे.

मग युद्ध आलं आणि खुर्ची बाजूला राहिली, पण नीट बघितलं तर राहिली नाही. एका डॉक्टर मित्राकडून त्यांना कळलं की पाय मोडलेल्या सैनिकाला लोखंडी स्प्लिंट बांधतात, म्हणजे आधाराची पट्टी, ती उचलून नेताना थरथरते आणि जखमेला आणखी त्रास होतो. यांनी प्लायवूडचं स्प्लिंट केलं, साचा म्हणून चार्ल्सचाच पाय. 1942 मध्ये अमेरिकन नेव्हीने पहिली 5000 ची ऑर्डर दिली आणि युद्ध संपेपर्यंत दीड लाखाच्या आसपास स्प्लिंट बनली. त्या स्प्लिंटचा फोटो जरूर बघा, त्यात जागोजागी लांबट भोकं आहेत. बँडेज ओवायला ती उपयोगी पडतातच, पण त्यांचं दुसरं काम जास्त भारी आहे. जिथे लाकूड दोन दिशांनी वळून तडकणार, तिथलं मटेरियलच काढून टाकायचं, ताण जायला वाट मिळते. द्रोणाला दुमड घालण्याऐवजी तेवढं पान कापून टाकलं म्हणा.

हीच युक्ती त्यांनी खुर्चीला लावून बघितली. सीट आणि पाठ मिळते तिथे भोक पाडलं. तरी तडकलं. भोक मोठं केलं, अजून मोठं केलं, आणि शेवटी लक्षात आलं की भोक एवढं मोठं झालंय की आता सीट वेगळी आणि पाठ वेगळी केलेलीच बरी. अशा रीतीने 1945-46 च्या त्या प्रसिद्ध प्लायवूड खुर्च्या झाल्या, सीटची एक वळलेली फळी, पाठीची दुसरी, मध्ये लाकडाचा नाहीतर सळईचा कणा. त्यातली बुटकी लाकडी खुर्ची टाइम मासिकाने 1999 मध्ये शतकातलं सर्वोत्तम डिझाइन म्हणून निवडली. गंमत अशी की ती खुर्ची म्हणजे त्यांच्या मूळ प्रश्नापुढे पत्करलेली हार होती, एकसंध वाटी जमली नाही म्हणून दोन तुकडे केले. हार एवढी देखणी निघाली तर कुणीही तिथेच थांबलं असतं.

हे थांबले नाहीत. 1948 मध्ये त्याच म्युझियमने परत स्पर्धा जाहीर केली, यावेळी सरळ स्वस्त फर्निचरची, कारण युद्धावरून परत आलेल्यांची लग्नं होत होती, घरं बांधली जात होती आणि त्यात ठेवायला परवडेल असं काही नव्हतं. ईम्सच्या ऑफिसने एका विद्यापीठाच्या इंजिनिअर लोकांबरोबर मिळून नवीन वाट धरली, लाकूड सोडा, पत्रा घ्या. मोटारीचा मडगार्ड दोन दिशांनी वळलेलाच असतो ना, तो प्रेसमध्ये एका ठोक्यात निघतो, मग खुर्ची का नाही? वर्कशॉपमध्ये त्यांनी स्वतःच पत्रा ठोकायचा हॅमर उभा केला. एंट्री गेली, बसायच्या खुर्च्यांमध्ये दुसरं बक्षीस मिळालं तेही दुसऱ्या एका डिझायनरबरोबर विभागून. पहिलं डॉन नॉर आणि गेऑर्ग लिओवाल्ड यांना, आज त्यांची नावं फर्निचरच्या कट्टर लोकांनाच माहीत असतात.

पत्र्याचं पण जमेना. ज्याने प्रेस शॉप बघितलंय त्याला सांगायला नको, पत्रा खोल ओढायचा म्हणजे प्रेसचं जबरदस्त टनेज, म्हणजे दाब लागतो आणि डाय महाग. वर पत्रा थंड लागतो, आवाज करतो, गंजू नये आणि अंगाला बरा लागावा म्हणून त्याला लेप द्यावा लागणार, तो खर्च वेगळा. स्वस्त खुर्चीच्या स्पर्धेतली खुर्ची पुन्हा महाग होत चालली. दहा वर्षांत एकाच प्रश्नावर दोन मटेरियल संपली.

फायबरग्लास इथे येतं, आणि तेही युद्धातूनच. काचेचे बारीक धागे पॉलिस्टर रेझिनमध्ये बसवले की हलकं आणि मजबूत कवच होतं आणि त्यातून रडारच्या लहरी आरपार जातात, म्हणून विमानांच्या रडारवरचे घुमट याचे करायचे. युद्ध संपलं, घुमटांची मागणी आटली, आणि मटेरियल होड्यांकडे वळलं. आता योगायोग बघा. 1940 चा जोडीदार सारिनेन तिकडे पूर्व किनाऱ्यावर नोल कंपनीसाठी एक मोठी, पाय वर घेऊन बसता येईल अशी खुर्ची करत होता, 1948 ची 'वूम' चेअर, तिचं कवच करायला त्यांना न्यू जर्सीचा होड्या बांधणारा माणूस गाठावा लागला. आणि पश्चिम किनाऱ्यावर ईम्सनी आपला पहिला फायबर नमुना करून घेतला तो जॉन विल्स नावाच्या माणसाकडून, तोही होड्या बांधणाराच. दोन जुने दोस्त, दोन वेगळ्या कंपन्या, आणि दोघांचीही गाडी नावाड्याच्या दारात. मला मालवण-रत्नागिरीकडचे होडीवाले आठवतात, साच्यावर ब्रशने रेझिन मारत, मॅट अंथरत, रोलर फिरवत बसलेले. विल्सने केलं ते जवळपास तसंच काम, हाताने.

फरक असा की सारिनेनच्या कवचावर गादी-कापड चढलं, कवच आतच राहिलं. ईम्सना ते झाकायचं नव्हतं. आणि हाताने एकेक थर देऊन होडी परवडते, खुर्ची नाही.

मग कॅलिफोर्नियातल्या गार्डेना गावची झेनिथ प्लास्टिक्स कंपनी आली. ही मंडळी युद्धात रडारचे घुमटच बनवत होती, हाताशी हायड्रॉलिक प्रेस होते, रेझिनची समज होती. काम असं चालायचं: वाटीच्या आकाराची जाळी, मागून हवा ओढायची, तोडलेले काचेचे धागे त्यावर उडवायचे, ते जाळीला चिकटून बसतात, थोडा बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकट द्रव मारला की धाग्यांची एक मऊ, केसाळ टोपी तयार होते. ती टोपी लोखंडी डायच्या दोन भागांमध्ये ठेवायची, वरून रंग मिसळलेलं रेझिन ओतायचं, डाय गरम, प्रेस खाली, काही मिनिटांत कडक झालेलं कवच बाहेर. मग कडा घासायच्या. रंग आतूनच असल्यामुळे पेंटिंग नाही, दोन्ही बाजू डायच्या असल्यामुळे दोन्हीकडे फिनिश. ज्या बाकाला लाकूड तडकत होतं आणि पत्रा नखरे करत होता तिथे धागे आणि रेझिन आपोआप वाहून बसले, कारण इथे सपाट पान वाकवायचंच नव्हतं, आकार भरायचा होता. माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची किल्ली हीच. दहा वर्षं ते सपाट वस्तूला वाटी करायला बघत होते.

पहिल्या खेपेला हर्मन मिलरने झेनिथला 2000 खुर्च्यांची ऑर्डर दिली. त्या सुरुवातीच्या कवचांच्या कडेत एक दोरी आहे, खरीखुरी दोरी, कडेला जाडी आणि ताकद यावी म्हणून धाग्यांबरोबर आत घातलेली. बोट फिरवलं तर कडेचा उंचवटा लागतो. पुढे प्रोसेस सुधारली तशी दोरी गेली. आज जुन्या खुर्च्या जमवणारे लोक ती दोरी शोधतात आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. म्हणजे प्रोसेस कच्ची होती त्याचा पुरावा म्हणून भाव जास्त. आमच्याकडचा क्वालिटीवाला हे ऐकून चक्कर येऊन पडेल.

धागे दिसतात याचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. फायबर वस्तूच्या पृष्ठभागावर धाग्यांचं जाळं दिसतं, विस्कटलेल्या गवतासारखं. नेहमीचा धंदेवाईक निर्णय म्हणजे वरून रंग मारा, झाका, नाहीतर गिऱ्हाईक म्हणेल माल खराब. ईम्सनी ते तसंच ठेवलं, उलट रंग असे निवडले की धागे उठून दिसतील. सुरुवातीचे तीन रंग: राखाडी-बदामी, हत्तीच्या कातडीसारखा करडा आणि पार्चमेंट, म्हणजे जुन्या कागदासारखा. पार्चमेंटमधून तर उजेड थोडा आरपार जातो, कवच उन्हात धरलं की धागे पानावरच्या शिरांसारखे दिसतात. नंतर लिंबू पिवळा, समुद्री हिरवा, लाल-नारिंगी आले. मी अशी एक जुनी खुर्ची परदेशात एका ऑफिसच्या कोपऱ्यात बघितली होती, कुणाचं लक्ष नव्हतं तिच्याकडे, वर फायली ठेवल्या होत्या. मी फायली उचलून खाली ठेवल्या आणि खुर्ची उलटी करून बघायला लागलो, तर लोक माझ्याकडे बघायला लागले.

उलटी करून काय बघितलं, तर जोड. कारण कवच तयार झालं तरी त्याला पाय लावायचे कसे? भोक पाडून बोल्ट टाकला तर भोकाभोवती ताण जमा होऊन तडा जाणार आणि वरून बसणाऱ्याला बोल्टचं डोकं टोचणार. त्यांनी कवचाखाली रबराच्या जाड चकत्या चिकटवल्या, चकतीत आटे असलेला धातूचा तुकडा बसवलेला, पाय त्या आट्यात स्क्रूने बसतात. कवचाला एकही भोक नाही. रबर थोडं दबतं, त्यामुळे रेललं की कवच हलकंसं डोलतं आणि झटका सरळ पायाला जात नाही. हे रबर त्यांनी प्लायवूड खुर्च्यांसाठीच शोधलं होतं, आणि त्याच्या मागे 1940 मध्ये हातातून निसटलेली ती क्रायस्लरची चिकटवायची कल्पना आहे. म्हणजे हरलेल्या दोन फेऱ्यांमधून शिकलेलं एकेक इथे कामाला आलं. मला विचाराल तर डिझाइनच्या पोरांना शेपचं पोस्टर दाखवण्यापेक्षा ही चकती हातात द्यावी.

चकतीमुळे अजून एक झालं, जे कदाचित त्यांना धंद्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. कवचाचा डाय एकच आणि खाली पाय वाटेल ते. जेवणाच्या टेबलाला सळईचे, ज्याला लोक आयफेल टॉवर म्हणतात ते. घरगुती वाटावेत म्हणून लाकडी खुंट्यांचे. इंग्रजी एक्ससारखे साधे. आणि डोलणारी झुलती खुर्ची, खाली लाकडाच्या दोन वक्र पट्ट्या, जी हर्मन मिलरमध्ये कुणा कामगाराला मूल झालं की भेट द्यायची पद्धत बरीच वर्षं होती. 1955 मध्ये एकावर एक रचता येणारे पाय आले आणि मग शाळा, हॉल, ऑफिसं यांनी ती उचलली. पुढे एकाच लोखंडी दांड्यावर ओळीने कवचं बसवून वेटिंगरूमची बाकडी झाली. डायचा मोठा खर्च एकदाच, आणि तो इतक्या प्रकारांवर वाटला गेला. टूलिंगच्या खर्चाची गणितं करून डोकं पिकलेल्या माणसाला यात जे सौंदर्य दिसतं ते मासिकातल्या फोटोत दिसत नाही.

एका गोष्टीवर राग आहे तो पण सांगून टाकतो. 1946 मध्ये म्युझियममध्ये प्लायवूड खुर्च्यांचं प्रदर्शन झालं त्यावर नाव एकट्या चार्ल्सचं. रेचं नाही, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या हॅरी बर्टोयाचं नाही, बाकी टीमचं नाही. बर्टोया वैतागून बाहेर पडला आणि पुढे नोलसाठी त्याने तारेच्या जाळीच्या खुर्च्या केल्या ज्या स्वतःच प्रसिद्ध झाल्या. रे कुठे जाणार, ती घरचीच. 1956 मध्ये दोघं टीव्हीवर नवीन लाउंज चेअर दाखवायला गेले तेव्हाही निवेदिकेने तिची ओळख नवऱ्याला मदत करणारी बायको अशीच करून दिली. चार्ल्स स्वतः मात्र सांगायचा की आपल्याला जे जमतं ते रेला जास्त चांगलं जमतं. चार्ल्स 21 ऑगस्ट 1978 ला गेला आणि रे बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला. आता कंपनीच्या पाटीवर दोघांची नावं असतात, उशिरा का होईना.

बरं, खुर्ची निर्दोष होती असं अजिबात नाही. रबर वर्षानुवर्षांनी कडक होतं, गोंद सुटतो, चकती निखळते आणि खुर्ची लंगडी होते, जुन्या खुर्च्यांमधली ही नेहमीची तक्रार. वरचं रेझिन झिजलं की धागे उघडे पडतात आणि अंगाला खाजवतात, फायबरचं काम ज्याने केलंय त्याला ती खाज चांगली माहिती, फुल बाह्यांचा शर्ट घातला तरी घरी जाऊन दोनदा आंघोळ. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हे रेझिन एकदा पक्कं झालं की परत वितळत नाही, म्हणजे तुटलेल्या खुर्चीतून नवी खुर्ची होत नाही, आणि बनवताना स्टायरीनची वाफ निघते ती कामगाराच्या नाकात. पर्यावरणाच्या कारणावरून हर्मन मिलरने 1990 च्या आसपास फायबरग्लासची कवचं बंद केली. 2001 मध्ये तोच शेप पॉलिप्रॉपिलीनमध्ये परत आणला, जे वितळवून परत वापरता येतं. शेप तोच पण लोक हळहळायला लागले की धागे दिसत नाहीत, प्लास्टिक वाटतं. ज्या दोषासारख्या दिसणाऱ्या गोष्टीला 1950 मध्ये झाका म्हणाले असते तीच नाही म्हणून रडारड. मग 2013 मध्ये नव्या, कमी वाफ सोडणाऱ्या पद्धतीने फायबर परत आलं.

आणि किंमत? एका खुर्चीला शेकडो डॉलर. स्वस्त फर्निचरच्या स्पर्धेत जन्मलेली, जास्तीत जास्त लोकांना कमीत कमी पैशात चांगलं मिळावं हे ज्यांचं ब्रीद त्यांची खुर्ची, आणि आज साधा नोकरदार ती ऑनलाइन बघून पान बंद करतो. कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही, छोट्या संख्येत चांगला माल काढायचा तर तेवढं होतंच, पण मला ते खुपतं हे खरं.

आपल्याकडचा धागा पण आहे, आणि ओढून आणलेला नाही. भारत सरकारच्या बोलावण्यावरून आणि फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून हे दोघं इथे फिरले आणि 1958 मध्ये त्यांनी इंडिया रिपोर्ट लिहून दिला, ज्यावरून 1961 मध्ये अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहिली. त्या रिपोर्टमध्ये त्यांनी भारतातली सगळ्यात सुंदर वस्तू म्हणून कुठलं देऊळ किंवा शालू निवडला नाही, लोटा निवडला. आपल्या घरातला तांब्या. आणि नुसतं कौतुक नाही, लोट्याला प्रश्न विचारलेत: किती पाणी मावावं, कमरेवर की डोक्यावर न्यायचा, ओतताना धार कशी पडते, हातात कसा बसतो, रिकामा असताना तोल कसा, घासायला सोपा आहे का, विकत किती रुपयांना आणि मोडीत काय येतं. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, हे तर खुर्चीबद्दलच बोलतायत. फक्त लोट्याची उत्तरं पिढ्यान् पिढ्या कासारांनी घासून घासून काढली, आणि खुर्चीची यांना दहा वर्षांत काढायची होती.

तरी एक उत्तर त्यांना मिळालं नाहीच. कवच एकसंध झालं, पण पाय वेगळेच राहिले. सारिनेन 1957 च्या ट्युलिप खुर्चीत एका दांड्यापर्यंत आला, त्याला सगळी खुर्ची एकाच मटेरियलची हवी होती, पण प्लास्टिकचा दांडा वजन पेलेना म्हणून दांडा ॲल्युमिनियमचा ओतून वरून पांढरा मुलामा दिला. पाय, सीट, पाठ सगळं एका ठोक्यात हे साधलं ते पुढे, 1960 च्या दशकाच्या शेवटी व्हर्नर पँटनच्या खुर्चीत, आणि 1972 मध्ये हेन्री मासोने या फ्रेंच माणसाने जी हातवाली प्लास्टिक खुर्ची काढली तिच्यानंतर तर जगभर पूरच आला. मिनिट-दोन मिनिटांत एक, एकावर एक रचता येणारी, पावसात ठेवली तरी चालणारी, कुणालाही परवडणारी. मांडववाल्याच्या टेम्पोतून उतरते ती हीच, आणि 1940 च्या कागदावर दोघा मित्रांनी जो प्रश्न लिहिला होता त्याचं पूर्ण उत्तर, दिसायला कसंही असलं तरी, हिच्याकडे आहे. जोड नाही, चकती नाही, स्क्रू नाही.

जोड नसल्याची फक्त एक गोची. ईम्सच्या खुर्चीचा पाय वाकला तर चार स्क्रू काढून नवा पाय लावता येतो, कवच तसंच. आमच्या मांडवातल्या खुर्चीचा पाय गेला की अख्खी खुर्ची गेली. मागच्या गणपतीत विसर्जनाच्या दिवशी अशा सहा निघाल्या. गेटवर भंगारवाल्याला बोलावलं, त्याने एक उचलली, पायाजवळचा तडा बघितला, काट्याला लावली आणि म्हणाला, "फायबर ना साहेब? किलोवर घेतो."